पडायला अक्कल लागते

आमचे हेडकॅशियर तसे सज्जन गृहस्थ. पण परवा डबा खाताना ते म्हणाले, "मारामारीच्या सिनेमात विनोद? अहो, माकडचेष्टा सगळ्या!" आणि हे कशाबद्दल, तर 'ड्रंकन मास्टर'बद्दल! माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. जन्मभर नोटा चाळलेल्या माणसाला खऱ्याखोट्यातला फरक कळू नये? तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपली, खिडकीशी गिऱ्हाइकं जमली, आणि बोलायचं राहून गेलं. ते इथे बोलतो.

सिनेमा १९७८ सालचा, हाँगकाँगचा. जॅकी चॅन तेव्हा २४ वर्षांचा. तो झालाय वाँग फेई-हुंग. हा माणूस खरोखर होऊन गेलेला, मोठा कुंग फूवाला आणि वैद्य. १९४९ पासून हाँगकाँगवाल्यांनी त्याच्यावर डझनांनी सिनेमे काढले आणि त्यात तो बहुतेक धीरगंभीर, उपदेश करणारा. इथे तोच उनाड पोरगा. फुकट जेवतो, पळतो, मार खातो. दिग्दर्शक युएन वू-पिंग, आणि दारुड्या गुरूच्या भूमिकेत त्याचेच वडील, युएन सिउ-तिएन. आपल्याकडे बाप मुलाला चिकटवतो, इथे मुलाने साठी उलटलेल्या बापाला चिकटवलं. आणि बापाने नोकरीचं सोनं केलं. (अवघड उड्यांना बदली माणूस होता हे मला ठाऊक आहे. साठीनंतर आम्ही कॅशची पेटी तरी उचलू का?)

आता मुद्दा. गंभीर मारामारी सोपी असते हो! आपल्या हिंदी हिरोची मूठ खलनायकाच्या जबड्यापासून वीतभर लांबून जाते, कॅमेरा मुद्दाम पाठीमागे, 'ढिशुम' आवाज, आणि खलनायक थेट बाटल्यांच्या खोक्यात. आमच्या भाषेत याला व्हाउचरशिवाय टाकलेली नोंद म्हणतात. इथे कॅमेरा लांब उभा. दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. एकामागून एक फटके, अडवणं, निसटणं, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. तपासून घ्या आणि सही करा! हसू यायला फटका नुसता चुकून चालत नाही, तो वेळेवर चुकावा लागतो. दोन इंचांची गफलत झाली की एकतर विनोद गेला, नाहीतर दात.

आणि समोर कोण? ह्वांग जांग-ली हा कोरियन, पायांचा राक्षस. तो विनोद करायला आलेलाच नाही. हिरोच्या बापाला मारायची सुपारी घेऊन आलाय. त्याआधी एकदा त्याने हिरोला असा तुडवलाय, अशी अब्रू घेतलीय, की शिकवणीला कंटाळून पळालेला हा पोरगा गुपचूप गुरूकडे परत येतो. म्हणून शेवटच्या मारामारीत आपण हसतो तेही जीव मुठीत धरून.

हेडकॅशियरांचा दुसरा आक्षेप : दारूचा प्रचार! अहो, झिंगल्यासारखं डुलत, पडता पडता लाथ घालायची म्हणजे अंग किती शुद्धीवर लागतं! तो पोरगा उलटा टांगून घेऊन खालच्या बादलीतलं पाणी इवल्याशा कपांनी वरच्या पिपात भरतो, ते बघताना माझंच पोट दुखलं होतं. जॅकी चॅनने लहानपणापासून चिनी ऑपेराच्या शाळेत दहा वर्षं काढली, ती मार खात. ही माकडचेष्टा असेल तर माकडाला प्रॉव्हिडंट फंड लागू करा.

तरी माझा खरा जीव अडकलाय तो आठव्या देवात. गुरूची विद्या आठ झिंगलेल्या देवांची. एक लंगडा, एक बासरीवाला, असे. आठवी देवी, बाई. हे पठ्ठे तो धडा "बायकी" म्हणून टाळतात. आणि ऐन मारामारीत सात देव संपतात, समोर लाथा चालूच, आणि गुरूला सांगावं लागतं की मी ते शिकलोच नाही! गुरू म्हणतो, मग आपलं आपण जुळव. आणि हा तिथल्या तिथे कंबर लचकवत, नटतमुरडत स्वतःची देवी उभी करतो आणि जिंकतो.

बी.कॉम.ला मी कॉस्टिंगची तीन प्रकरणं अशीच ऑप्शनला टाकली होती. पेपरात पहिला प्रश्न त्यातलाच, आणि सक्तीचा. मीही आपलं आपण जुळवलं. नऊ मार्क पडले.