एकट्या नोकरदाराची खोली आणि ‘हेवी डिपॉझिट’चा हिशोब

भिवंडीत काम मिळते, खोली मिळत नाही. मागावरचा कारागीर चार-सहा जणांत पथारी टाकतो व बिशीत जेवतो. त्याचे हाल हा वेगळा विषय आहे. बायको-मुले असलेल्याला घरमालक दार उघडतो. मधल्या मधे अडकतो तो एकटा नोकरदार. सायझिंगमधला मेहता, ट्रान्सपोर्टचा हिशोबनीस, माणकोलीच्या गोदामातला सुपरवायझर, शाळेतील शिक्षिका. पगार बरा, वागणूक सभ्य. पण ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’ हे ऐकून त्यांना परतावे लागते.

मग दलाल ‘हेवी डिपॉझिट’ सुचवतो. घरमालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाही किंवा नावापुरते, आणि खोली सोडताना रक्कम परत. ऐकायला हा सौदा स्वस्त वाटतो. पण आपण व्यापारी माणसे आहोत, हिशोब करून पाहू. भाडेकराराची स्टॅम्प ड्युटी काढताना सरकार बिनव्याजी डिपॉझिटवर दरसाल १० टक्के धरते. त्या मापाने ३ लाखांचे वर्षाला ३० हजार, म्हणजे महिना अडीच हजार झाले. खोली फुकट नाही. शिवाय ज्या रकमेतून तरुणाने सूत घेतले असते, छोटा धंदा उभा केला असता, ती दुसऱ्याच्या हाती अडकते. मालक ती खर्चून बसतो आणि सोडतेवेळी म्हणतो, ‘नवा माणूस येऊ दे, मग देतो.’

दुसरी बाजू दीनची आहे. मालक रक्कम वापरतो, तेव्हा ती अमानत राहत नाही, कर्ज होते. आणि कर्जाच्या बदल्यात फुकट राहणे हा फायदा झाला. म्हणून अनेक उलेमा या व्यवहाराला सूद ठरवतात. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे.

तिसरी बाजू जिवाची. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली व तीसहून अधिक माणसे झोपेतच दगावली. ती १९८४ ची होती. तीस वर्षांवरील इमारतीची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. स्वस्त खोलीच्या नादात तपासणीचा दाखला कोण मागतो?

घरमालकांची भीतीही आम्ही जाणतो. भाडेकरू उठलाच नाही तर? पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने याची सोय केली आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदलेला हवा, ही जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. तोंडी सौद्यात नुकसान मालकाचेच आहे.

स्वतःचे घर हवे त्याने म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीकडे लक्ष ठेवावे. तिथे अर्जाला लग्नाची अट नाही. मात्र महाराष्ट्रातील अधिवासाचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवावा.

बाकीच्यांसाठी आमची एक सूचना आहे. मुंबईत गिरणी कामगारांनी गावकीच्या खोल्या चालवल्या, धोबी तलावला गोव्याच्या गावांनी आपले कूड चालवले. महिन्याची ठराविक वर्गणी, ठरलेले नियम, आणि माणसाची ओळख गावाची. आपल्या जमातींना हे अवघड नाही. जमातीने माणसाची हमी घ्यावी. ज्या व्यापारी बंधूंची इमारत पक्की व परवानगीची आहे, त्यांनी एखादा मजला एकट्यांच्या खोल्यांसाठी काढावा. नोकरदार स्त्रियांसाठी स्वतंत्र. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके, करार नोंदलेला, तपासणीचा दाखला भिंतीवर लावलेला. ही खैरात नव्हे, दर महिन्याला येणारी हलाल कमाई आहे.

ज्याच्या हाती आपण रोज गल्ल्याची किल्ली देतो, त्याला खोलीची किल्ली देताना कचरावे, हे आम्हाला पटत नाही.