बाथटबमधला मृत्यू आणि पंचनामा

24 फेब्रुवारी 2018 रोजी दुबईतील हॉटेलात अभिनेत्री श्रीदेवी यांचा बाथटबमध्ये बुडून मृत्यू झाला. धडधाकट माणूस टबात बुडतोच कसा, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. काही वाहिन्यांनी तर पडद्यावर टब मांडून आपापले निकालही दिले.

बुडायला खोल पाणी लागत नाही. नाक-तोंड पाण्याखाली गेले आणि डोके वर काढता आले नाही, एवढे पुरते. मोठ्या माणसाच्या बाबतीत आधी बहुधा शुद्ध हरपते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. मद्य, झोपेच्या गोळ्या, फिट किंवा हृदयाची बिघडलेली लय हीदेखील कारणे असतात. रांगत्या मुलाला तर अर्धी बादलीही घातक ठरते, कारण जड डोके खाली गेले की त्याला ते वर घेता येत नाही.

शवविच्छेदनात श्वासनलिकेत बारीक फेस आणि फुगलेली फुफ्फुसे आढळतात. पण हृदय निकामी झाल्यानेही फेस येऊ शकतो. म्हणून इतर शक्यता एकेक करून वगळाव्या लागतात. डायटम, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवाल, शरीरात सापडले तर मुठा नदीच्या पात्रातील मृत्यूचे कारण ठरवायला मदत होते. नळाच्या गाळलेल्या पाण्यात ते फारसे नसतातच.

शिवाय बुडून मृत्यू झाला एवढे ठरले, तरी तो अपघात की घातपात हे शरीर एकटे सांगत नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथच्या तीन बायका 1912 ते 1914 दरम्यान टबात बुडाल्या. प्रत्येक मृत्यू सुटा पाहिला तेव्हा अपघातच वाटला. एकीच्या वडिलांनी दुसरीची बातमी वर्तमानपत्रात वाचली, साम्य ओळखले आणि 1915 मध्ये स्मिथ फासावर गेला.

आपल्याकडे पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 ऐवजी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार पंचनामा होतो. मृत्यूचे कारण स्पष्ट नसेल तर व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवतात. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास तपास अधिक काटेकोर असतो.

दुबईत सरकारी वकिलांनी श्रीदेवी यांचे प्रकरण तीन दिवसांनी बंद केले: शुद्ध हरपून बुडून अपघाती मृत्यू. तपासाने दिलेल्या या निष्कर्षापुढे पडद्यावरच्या तर्कांना फारसे वजन देता येत नाही.

पुण्यात कर्वेनगरच्या सदनिकांत टब क्वचितच दिसतो, गॅस गिझर मात्र बराच आढळतो. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साचू शकतो आणि माणूस कोसळतो. अशा वेळी आधी दार उघडून माणसाला बाहेर काढावे, हवा द्यावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. तो वाचला नाही, तर फरशी पुसण्याची, बादल्या ओतण्याची घाई नको. गिझर चालू होता का, खिडकी उघडी होती का, कडी आतून होती का, हे पंचनाम्यात यायला हवे आणि रक्तात हा वायू तपासायला हवा. ‘शवविच्छेदन नको’ हा नातेवाइकांचा आग्रह समजण्याजोगा असला, तरी तो मानला तर नेमके हेच उत्तर हातचे जाते.