इशारा: गुळगुळीत अस्तरावर कचऱ्याचा डोंगर चढवू नका

चेन्नईतल्या कोडुंगैयूर आणि पेरुंगुडी इथल्या जुन्या ढिगांच्या उपशातून जे निरुपयोगी उरेल, ते कुठेतरी अस्तर घातलेल्या कचराभूमीतच पुरावे लागेल. ती भूमी बांधणारे ठेकेदार, नकाशावर सही करणारे अभियंते आणि बिले मंजूर करणारे अधिकारी, तिघांनाही हा उघड इशारा आहे.

2016 च्या घनकचरा नियमांनी 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि 1.5 मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची शीट सांगितली. त्याने पाणी अडेल. वरचा कचरा उतारावर टिकेल का, हे मात्र जाडी मोजून कळत नाही. ओल्या मातीवर गुळगुळीत शीटचा घर्षणकोन 8 ते 10 अंशांच्या आसपास असतो. एकास तीनचा उतार 18 अंशांहून तीव्र. सरळ हिशेबाने दीडपट सुरक्षितता हवी, तर साडेसव्वीस अंशांची पकड लागते. म्हणून उतारावर खरबरीत शीटच हवी. तिच्यावर बोट फिरवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उंचीचे कण लागतील. ते शीटला लागून अंथरलेल्या जिओटेक्स्टाइल कापडाच्या धाग्यांत अडकतात, मदार त्यांच्यावरच. शीट फरफटली, कण झिजले की पकड गेली. थर एकदा सरकले की ती आणखी घटते, म्हणून आराखडा त्या उरलेल्या पकडीवर करा.

कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथे 19 मार्च 1988 रोजी नियमानुसार अस्तर घातलेला कचऱ्याचा ढीग 11 मीटरपर्यंत सरकला. गुळगुळीत शीट आणि ओली माती यांच्यामधली पकड अपुरी पडली होती. आपल्याकडे ढिगाच्या पायथ्याशी कचरा वेचणारी माणसे असतात. हे अपघाताआधी लक्षात घ्या.

चेन्नईत राहणारे आम्ही मराठी अभियंते आणि नागरिक बजावून सांगतो: जिथे जिथे असे काम चालू आहे, तिथे आलेल्याच रोलवर, तिथल्याच मातीशी, ओल्या अवस्थेत आणि पूर्ण उंचीच्या कचऱ्याच्या भाराखाली केलेल्या शिअर टेस्टचे, म्हणजे थरांमधली पकड मोजणाऱ्या चाचणीचे, अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत कामाच्या फलकावर लावा. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा चालणार नाही. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तेव्हा मुदतवाढ मिळणार नाही.

अहवाल लागला नाही, तर 1 ऑक्टोबरला आम्ही याच शहरातल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठापुढे काम थांबवण्याची मागणी करू, आणि नकाशावर ज्याची सही आहे त्याला नावानिशी प्रतिवादी करू.