फूलन देवी जिवंत होत्या, त्यांना विचारलं कुणी?

'बँडिट क्वीन'ने जातीचं वास्तव दाखवलं, असं आपलेच काही कार्यकर्ते आजही म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. १९९४ साली शेखर कपूर यांनी 'सत्यकथा' म्हणून हा चित्रपट आणला, तेव्हा फूलन देवी अकरा वर्षांचा तुरुंगवास भोगून नुकत्याच सुटल्या होत्या. आपल्यावरचे अत्याचार असे पडद्यावर मांडू नका, हे सांगायला त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. (पुढे तडजोड झाली. तेवढ्याने आधीचा नकार पुसला जात नाही.)

मल्लाह घरातल्या या मुलीची पहिली लढाई जमिनीची होती, बापाचा हिस्सा बळकावणाऱ्या चुलत भावाशी. चित्रपटात ती लढाई जवळपास गायबच. उरतं काय, तर बलात्कार आणि सूड. जमीन मागणारी बहुजन बाई सवर्ण प्रेक्षकाला अडचणीची वाटते. विटंबना झालेली चालते, तिच्यासाठी हळहळून घरी जाता येतं.

पुढे याच बाईंनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, १९९६ साली मिर्झापूरच्या खासदार झाल्या. शिबिरात हा चित्रपट लावणाऱ्या मित्रांनो, लावाच. पण त्यांनी कोर्टात काय मागितलं होतं, ते आधी सांगा.