लोहाऱ्याचा आयर्नमॅन

‘गाव कुठलं?’ असं ऑफिसात कोणी विचारलं की मी ‘लोहारा’ म्हणतो. पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे ते धाराशिव जिल्ह्यातलं ना?’ नाही राव, ते वेगळं. आमचं यवतमाळला चिकटलेलं, दारव्हा रोडवरचं, एमआयडीसीवालं. ज्यांना माझी भानगड ठाऊक आहे ते यावर हमखास हसतात, कारण माझ्या अंगातही लोह जरा जास्तच आहे. जरा म्हणजे किती? तुमच्या सगळ्या शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. मला तेवढं दर सहा महिन्यांनी नव्यानं मिळतं. होम डिलिव्हरी नाही, एवढंच.

तर, मला थॅलेसेमिया मेजर आहे. आई-बाबा दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक, एकदम धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. मी त्या २५ टक्क्यांच्या मेरिट लिस्टमध्ये आलो. माझं शरीर धड हिमोग्लोबिन बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या दोन पिशव्या चढवायच्या. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत येतं. आणि शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. नळ धो धो चालू, मोरीला मात्र सुईएवढं भोक. मग ते साचत जातं. आधी यकृतात, मग हार्मोनच्या ग्रंथींत, स्वादुपिंडात आणि हृदयात.

आयर्लंडकडे हिमोक्रोमॅटोसिस नावाचा एक खानदानी आजार बराच आढळतो. त्यात आतडीच अन्नातून हावऱ्यासारखं लोह ओढून घेतात. उपाय काय, तर अधूनमधून रक्त काढून टाकायचं. किती सुटसुटीत! त्यामागचा तिकडचा नेहमीचा जनुकीय बदल आपल्याकडे जवळजवळ सापडतच नाही. आपल्याकडे वारशानं लोह साठण्याची गोष्ट येते ती बहुतेक थॅलेसेमियाच्या वाटेनं. आणि आमचं रक्त काढून टाका म्हणाल, तर तेच तर उसनं आणलेलं असतं.

गंमत म्हणजे, या लोहाची भीती लोकांना चुकीच्या ठिकाणी वाटते. लहानपणी आजी म्हणायची, ‘पालक खाय बापू, रगत वाढते.’ मग डॉक्टरांनी लोहाचं समजावून सांगितलं आणि घरातून पालक, खजूर, गूळ, लोखंडी कढई सगळं तडीपार झालं. आता हिशेब बघा. पालकाच्या वाटीत लोह असतं काही मिलिग्रॅम, त्यातलं अंगी लागतं आणखी कमी. एका पिशवीत २०० च्या वर. २०२१ नंतर सरकारी योजनांच्या तांदळात लोह मिसळायला लागले, तेव्हा गावाकडून मला घाबरून फोन आले. अशा पाकिटांवर थॅलेसेमियाच्या पेशंटसाठी सूचना छापायचा नियम होता, तोही २०२४ मध्ये काढून टाकला. मी लोहाच्या टॉनिकच्या वाटेला जात नाही, पण मित्राच्या डब्यातली पालकाची भाजी सोडत नाही. शिवाय जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही. जेवणावर चहा प्यायला डॉक्टरनंच परवानगी दिलेली माणसं महाराष्ट्रात किती असतील?

खरा खेळ औषधाचा. आमच्या लहानपणी डेस्फेरॉल होतं. पोटाच्या कातडीखाली सुई, कमरेला बॅटरीवरचा छोटा पंप, आणि रात्रीचे आठ ते बारा तास औषध हळूहळू आत. आठवड्यातून पाच-सहा रात्री. कूस बदलायची तर पंपाला विचारून. पुढे गोळ्या आल्या. दिवसातून तीनदा घ्यायची डेफेरिप्रोन, तिच्यानं लघवी लालसर होते आणि पांढऱ्या पेशींवर डोळा ठेवावा लागतो. मग दिवसातून एकदाच घ्यायची डेफेरासिरॉक्स. तिला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली आणि नंतर ती आपल्याकडेही आली. ही पाण्यात विरघळवून रिकाम्या पोटी घ्यायची. चव? शाळेतला खडू ढवळून प्यायल्यासारखी. पण पंपाच्या रात्री ज्यानं काढल्यात त्याला तो खडूही गोड लागतो.

एवढं असूनही लोक गोळ्या सोडतात. कारण सोपं आहे. लोह दुखत नाही. रक्त कमी झालं की जिना चढताना कळतं, चेहरा उतरतो, आई फोनवर आवाजावरून ओळखते. लोह वाढलं तर काहीच होत नाही. वर्षानुवर्षं. रिपोर्टवर फेरिटिनचा आकडा चढत जातो, आणि आकड्याला कोण घाबरतं? आमच्या वॉर्डातला माझा एक दोस्त, नागपूरच्या फेऱ्यांत शेजारच्या खाटेवर असायचा, बारावीनंतर हॉस्टेलला गेला. तिथं कोणाला सांगायचं नव्हतं त्याला. रूम पार्टनरसमोर पंप कसा लावणार? रक्त मात्र वेळेवर घ्यायचा, त्यामुळे दिसायला टकाटक. बाविसाव्या वर्षी हृदय फेल झालं. मेजरच्या पेशंटमध्ये मृत्यूचं मोठं कारण हेच, हृदयातलं लोह. आता टी-टू-स्टार नावाची एमआरआय तपासणी आहे, ती हृदयात किती साठलंय ते आधीच सांगते. आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की सावध, १० च्या खाली म्हणजे धोका. मी वर्षातून एकदा करतो. रिझल्ट येईपर्यंतचे दोन दिवस माझ्याशी कोणी बोलू नये.

बाकी माझं आयुष्य तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये चालतं. पहिला आठवडा टाकी फुल्ल, प्रेझेंटेशन, ट्रेक, सगळं इथं. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊवर येतं, तेव्हा मी मीटिंगला लिफ्टनं जातो आणि भांडणं पुढे ढकलतो. रक्त चढतं त्या दिवशी डे-केअरमध्ये लॅपटॉप उघडून बसतो. माझ्या मॅनेजरनं एकदाच विचारलं, ‘कॅलेंडरवर काय लिहू?’ मी म्हटलं, ‘सर्व्हिसिंग.’ तेव्हापासून तेच आहे. सहानुभूतीच्या दहा मेलपेक्षा हे बरं. २०१६ च्या कायद्यानं थॅलेसेमियाला अपंगत्वाच्या यादीत घेतलं, पण उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांत आम्हाला वाट आहे, सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांत नाही. का? रक्त कॉलेजात लागतं आणि नोकरीत लागत नाही, असं काहीतरी लॉजिक असावं.

आता तुमच्याकडे वळतो. भारतात शंभरात साधारण तीन-चार जण मायनर असतात, म्हणजे तुमच्या मजल्यावरही दोघं-तिघं असणार. त्यांना कळतही नाही. हिमोग्लोबिन थोडं कमी, मग वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, आणि आकडा जागचा हलत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही कमी आणि आरबीसी काउंट मात्र भरपूर दिसत असेल, तर डॉक्टरांना एचबीए-२ तपासणीबद्दल विचारा. मायनर असणं हा आजार नाही. दोन मायनर एकत्र आले तरी लग्न मोडायची गरज नसते, गरोदरपणात तपासण्या करता येतात. फक्त हे आधी माहीत हवं. पत्रिकेतले ३६ गुण जुळवणाऱ्या काकूंना मी सदतिसावा सुचवला होता. त्या म्हणाल्या, ‘मुलीकडच्यांना रक्त तपासा म्हणून कसं सांगायचं?’ मुलाचं आधी तपासा, म्हटलं. त्यावर विषय बदलला.

माझ्या स्वतःच्या लग्नाचं विचाराल तर, बायोडेटात पहिल्याच ओळीत लिहिलंय. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तिसरी भेटायला आली, एमसीव्ही काय ते घरी वाचून आलेली. स्वतःची तपासणी करून आली होती, नॉर्मल. ‘तुझं फेरिटिन किती?’ असं तिनं कॉफी यायच्या आत विचारलं. पगार नंतर.

एक काम सांगून ठेवतो. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. विदर्भात तेव्हा ऊन डोक्यावर, कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं आटलेली, आणि पिशव्यांची मारामार. लोहाऱ्यात बाबा त्या दिवसांत एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटायची वाट बघत उभे राहायचे, दाता शोधायला. जानेवारीत टी-शर्ट मिळतो म्हणून रक्त देणाऱ्यांनी यंदा मे महिन्यात द्यावं.

माझी पुढची सर्व्हिसिंग २१ ला. गँगनं गोव्याची ट्रिप २३ ची ठेवलीय, टाकी फुल्ल असताना. गाडीत खडूच्या गोळ्यांचा डबा कोणाच्या बॅगेत राहणार यावरून आत्ताच वाद सुरू आहे.