वर्गणीचा हिशेब आणि पुरोगामी मत
१९८९ साली अमरावतीने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना, आणि १९९८ व १९९९ साली अकोल्याने प्रकाश आंबेडकर यांना लोकसभेत पाठविले, याचा वऱ्हाडातील पुरोगामी मंडळींस अभिमान वाटावा हे यथार्थच होय. मात्र २०२४ साली त्याच अकोल्यात काँग्रेस व आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि भाजपचे अनुप धोत्रे विजयी झाले. आपला उमेदवार कोण, हा वाद मतदानापूर्वी चव्हाट्यावर मिटविण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्राथमिक फेरीत मतदारच निवडतात, आणि २०१६ साली बर्नी सँडर्स यांनी सरासरी सत्तावीस डॉलरांच्या देणग्यांवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंज दिली. उमेदवारी मिळाली नाही, तरी सामान्यांच्या वर्गणीचे सामर्थ्य जगास दिसले.

पैशाच्या बाबतीत आपल्या कायद्याने व निवडणूक आयोगाच्या आदेशांनी महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराच्या खर्चास ९५ लाख रुपयांची मर्यादा घातली, स्वतंत्र बँक खाते सक्तीचे केले, निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब दाखल करण्याचे बंधन घातले; पक्षाच्या खर्चास मात्र मर्यादाच नाही, आणि खरी गोम येथेच आहे. पक्षांच्या देणगीदारांची नावे गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले, त्याने अर्धेच काम झाले. पुरोगामी म्हणविणाऱ्या पक्षांनी तरी कायद्याची वाट न पाहता गावोगावी पावती फाडून वर्गणी गोळा करावी, आणि देणगीदारांची यादी मतदानापूर्वीच तालुक्याच्या ठिकाणी जाहीर लावावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.