मालाचा फोटो हेही एक मापच आहे

धंदा करणाऱ्याने तराजू, गज आणि हिशेबाची वही या तीन गोष्टी नीट सांभाळाव्यात, असे आपले वडीलधारे सांगत आले. आता त्यात चौथ्या गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे मालाचा फोटो. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी फोटो मागते. बाहेरगावचा व्यापारी तर फोटो पाहूनच सौदा पक्का करतो. असे असताना फोटो लहान-मोठा करणे आणि त्याची फाइल हलकी करणे हे 'कॉम्प्युटरवाल्या पोराचे काम' म्हणून सोडून देण्याची आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची सवय महागात पडू लागली आहे. हे काम तराजू धरण्याइतकेच धंद्याचे आहे आणि ज्याचे त्याने ते शिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिरजेचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांनी मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर पोचविला. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे नाव आहे, कसब आहे, सरकारी शिक्काही आहे. तरीही हातचे काम कसे निसटते ते पाहा.

परिचयातील एका कारागिराने अनेक आठवडे खपून एक नक्षीदार सतार तयार केली. मुलाने फोनवर तिचा उत्तम फोटो काढला. तो वेबसाइटवर टाकण्यासाठी जवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये नेला. तेथील ऑपरेटरने उभा फोटो चौकोनात बसावा म्हणून वरून-खालून दाबला, फाइल हलकी केली आणि मूळ फाइलच्याच नावाने जतन केली. फोनमध्ये जागा नाही म्हणून मुलाने फोनमधला फोटो आधीच पुसून टाकला होता. पुढे सतार विकली गेली आणि परदेशी रवाना झाली. काही महिन्यांनी एका संगीत संस्थेने छापील सूचीपत्रासाठी त्याच सतारीचा पानभर फोटो मागितला. हाती उरले होते ते आखूड दांडीचे, पसरट भोपळ्याचे, तारा पुसट झालेले एक चिमुकले चित्र. ते पान दुसऱ्याच्या वाद्याला गेले. त्या पानामागून ज्या ऑर्डरी आल्या असत्या त्याही गेल्या. यात कोणी लबाडी केली नव्हती. चूक होती ती केवळ न जाणण्याची.

ही विद्या काही अवघड नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्यांना तर ती लगेच समजेल. कापड जसे उभ्या-आडव्या धाग्यांचे, तसे फोनमधले चित्र उभ्या-आडव्या ठिपक्यांचे. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ३००० ठिपके रुंद व ४००० ठिपके उंच अशा फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर हे चित्र ३ कोटी ६० लाख बाइटचे, म्हणजे सुमारे ३६ एमबीचे होते. फोन मात्र ते दाबून तीन-चार एमबीत बसवितो. ही दाबण्याची पद्धत म्हणजे जेपेग. तिचे मानक १९९२ साली ठरले आणि आजही बहुतेक फोटो त्याच पद्धतीने जतन होतात.

फाइलचे वजन मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: ठिपके किती, दाबले किती आणि फाइलचा प्रकार कोणता. आपल्याकडे गडबड होते ती पहिल्या दोन गोष्टींचा क्रम चुकल्यामुळे. समजा, एखाद्या सरकारी अर्जाला १०० केबीच्या आतला फोटो हवा आहे. आपण १२ मेगापिक्सेलचा फोटो तसाच ठेवून फक्त दर्जाची पट्टी खाली-खाली ओढत नेतो. जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातील बारीक तपशील सोडून देते. दर्जा फार उतरविला की हेच चौकोन चेहऱ्यावर फरशीसारखे दिसू लागतात आणि अर्ज नाकारला जातो. याउलट, आधी फोटो ६०० बाय ८०० ठिपक्यांचा केला, तर दर्जा शंभरपैकी ८० ठेवूनही तो बहुतेक वेळा १०० केबीत बसतो आणि स्वच्छ दिसतो. तेव्हा आधी माप कमी करावे, मग दर्जा थोडा उतरवावा. हा क्रम ध्यानात ठेवला तरी निम्मे काम झाले.

इथे एक हिशेब पक्का करावा. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की ठिपके निम्मे नव्हे, चौथाई राहतात. ३००० बाय ४००० चा फोटो ७५० बाय १००० केला, तर सोळावा हिस्सा उरला. फोनच्या पडद्यावर दाखवायला तेवढा पुष्कळ झाला. पण तोच फोटो छापखान्यात नेला तर काय होईल? चांगल्या छपाईला इंचामागे ३०० ठिपके लागतात. म्हणजे त्याचे जेमतेम अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंचांहूनही कमी उंच चित्र निघेल. ते ताणून १२ बाय १६ इंचांचे केले, तर इंचामागे ६२-६३ ठिपकेच उरतील आणि नक्षीचा चिखल होईल. मूळ फोटो मात्र १० बाय १३ इंचांपर्यंत सुरेख छापला गेला असता. लांबून पाहायच्या फ्लेक्सला कमी ठिपके चालतात. हातात धरून वाचायच्या सूचीपत्राला ते चालत नाहीत.

याच ठिकाणी एक गैरसमज मुळातून काढला पाहिजे. अनेक ऑपरेटर सांगतात, "डीपीआय ३०० वरून ७२ केला की फाइल हलकी होते." फोटोशॉपच्या इमेज साइजच्या चौकटीत 'रिसॅम्पल' नावाची खूण आहे. ती काढलेली असेल, तर डीपीआय बदलून एकही ठिपका कमी होत नाही आणि वजनही घटत नाही. कागदावर किती इंचांत छापायचे, एवढीच नोंद बदलते. गजावरचे आकडे खोडून नवे लिहिल्याने कापड आखूड होत नाही, तसेच हे. तसेच लहान फोटो मोठा केल्याने हरवलेली नक्षी परत येत नाही. कॉम्प्युटर अंदाजाने ठिपके भरतो, तो गेलेला तपशील आणून देत नाही.

आता चौकोनात बसविण्याचा प्रश्न. बाजाराच्या वेबसाइटला १००० बाय १००० चा चौकोनी फोटो हवा असेल, तर सतार दाबायची नसते. लांबी-रुंदीचे प्रमाण बांधून ठेवणारी साखळीची खूण असते, ती तोडू नये. फोटो ७५० बाय १००० करावा आणि 'कॅनव्हास साइज'मधून दोन्ही बाजूंना १२५-१२५ ठिपक्यांची पांढरी जागा जोडावी. लहान करताना मधल्या ठिपक्यांचा हिशेब कोणत्या रीतीने करावा हेही विचारले जाते. तेथे 'क्युबिक' निवडावे. 'नन' निवडले तर सतारीच्या तारा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात किंवा मधेच तुटतात आणि बारीक विणीच्या कापडावर नसलेल्या लाटा उमटतात. त्या लाटा पाहून व्यापाऱ्याला विणीतच दोष आहे असे वाटले, तर दोष त्याचा नाही.

दुकानाचे चिन्ह, नावाची पाटी, दरपत्रक असल्या ठळक रेषांच्या व अक्षरांच्या चित्रांसाठी जेपेग वापरू नये. अक्षरांभोवती धूळ साचल्यासारखी दिसते. त्यासाठी पीएनजी चांगला, कारण त्यात काही सोडून दिले जात नाही. मालाच्या फोटोसाठी मात्र पीएनजीची फाइल फार जड होते, तेथे जेपेगच योग्य. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठविला की तो दाबला जातो. छापखान्याला पाठवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे जशाचा तसा पोचतो.

कोणी म्हणेल, ऑपरेटर दहा-वीस रुपयांत हे करून देतो, मग आपण डोके का शिणवावे? दहा-वीस रुपयांचा प्रश्नच नाही. ऑपरेटरला आपल्या मालाची ओळख नसते. सतारीची जवारी कुठे, नक्षीतले खरे काम कुठे, कापडाचा खरा रंग कोणता, हे त्याला कसे कळणार? आपला माल आपण दुसऱ्याच्या तराजूवर सोडून घरी जातो काय? दुसरे कोणी म्हणेल, फोन आता सारे आपोआप करतो. करतो खरा, पण तो आपल्या सोयीने करतो, आपल्या गिऱ्हाइकाच्या सोयीने नव्हे. चित्र छापायचे की पडद्यावर दाखवायचे, हे फोनला ठाऊक नसते.

खर्चाची सबबही टिकत नाही. फोटोशॉप विकत घेणे सर्वांना परवडणारे नाही, हे मान्य. म्हणून चोरीची प्रत टाकून घ्यायची? हलाल रोजीची चाड असणाऱ्याने पराया माल न विचारता वापरू नये. सॉफ्टवेअर हाही मालच आहे. त्याची गरजही नाही. 'गिंप' नावाचे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकापासून कोणालाही मोफत आणि राजरोस वापरता येते. त्यात 'स्केल इमेज'ने माप बदलता येते आणि 'एक्स्पोर्ट ॲज'ने जेपेग तयार होते. त्या वेळी प्रिव्ह्यूची खूण केली की दर्जाची पट्टी सरकवताना फाइलचे वजन समोर दिसते. काटा पाहत माल घालावा, इतके ते सरळ आहे.

मात्र सर्वांत महत्त्वाचा नियम सॉफ्टवेअरचा नसून अमानतीचा आहे. मूळ फोटोला हात लावायचा नाही. तो 'मूळ' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या जागी ठेवायची. लहान केलेल्या प्रतीला वेगळे नाव द्यायचे, उदाहरणार्थ 'सतार-१२-वेब'. जेपेग दुरुस्त करून पुन्हा-पुन्हा जतन केली की दर वेळी थोडा तपशील झिजतो, म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळ फोटोवरूनच काढायची. वस्तू विकली जाते, कारागीरही एक दिवस जातो. त्याच्या हाताच्या कामाचा पुरावा म्हणून पुढच्या पिढीकडे हाच फोटो राहतो.

आणि शेवटी इमानाची गोष्ट. जे सॉफ्टवेअर माप बदलते, तेच भोपळ्यावरची चीरही पुसते आणि उडालेला रंगही गडद करते. कुरआनमधील सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक इशारा दिला आहे, तो केवळ धान्याच्या मापापुरता समजू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा प्रेषितांचा सवाल आपण सारे जाणतो. आजची रास पडद्यावर असते, एवढाच फरक. फोटोचे माप बदलावे, उजेड सुधारावा, भोवतालचा पसारा कापावा. मालाचा दोष मात्र झाकू नये. सतार दाबून दांडी आखूड दाखविणे हेसुद्धा नकळत का होईना, चुकीचे माप दाखविणेच आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक गावातील जमातीने, विणकर मंडळाने किंवा व्यापारी संघाने महिन्यातून एक दिवस असरनंतर दोन तास यासाठी द्यावेत. मोहल्ल्यातील कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी शिकवावे, कारागिरांनी आपापल्या मालाचे फोटो घेऊन बसावे. घरात बसून भरतकाम, शिवणकाम करणाऱ्या भगिनींना यात आवर्जून बोलवावे, कारण त्यांचे दुकान बहुधा फोनच असतो. एक कॉम्प्युटर, एक मोफत सॉफ्टवेअर आणि चार-सहा बैठका एवढेच भांडवल लागेल. ज्यांच्या वडिलांनी धार लावता-लावता सतार घडविली, त्यांच्या मुलांना ठिपक्यांचा हिशेब जड जाऊ नये. तूर्त वाचक बांधवांनी एवढे करावे: आज घरी गेल्यावर आपल्या मालाचे मूळ फोटो कुठे आहेत ते शोधावे आणि ते वेगळे जपून ठेवावेत. बाकीचे इन्शाअल्लाह शिकता येईल.